खडूच्या रेघेआत

बुडबुडा मधोमध येत नव्हता. हिरवट पाण्यातला साबुदाण्याएवढा बुडबुडा, दोन काळ्या रेघांच्या मध्ये यायचा, थांबल्यासारखा करायचा आणि पुन्हा डावीकडे सरकायचा — अगदी थोडा, केसभर, दुसऱ्या कुणाला दिसलाही नसता — आणि योगिता श्वास धरून त्याच्याकडे बघत होती. मांडीवरच्या पोराच्या ओठांतून दूध ओघळून आपल्या कोपरापर्यंत आलंय हे तिला उशिरा कळलं. सपाटी बघायची ती पाणसळ आदिनाथनं फरशीवर ठेवली होती, खडूनं आखलेल्या चौकोनात. हलवू नको, आलोच, असं म्हणून तो अंगणात गेला होता. ती हलवत नव्हती. ती फक्त... मी श्वास घेते म्हणून हलत असेल का? माझं आणि पोराचं वजन ह्या बाजूला पडलंय म्हणून? ती बसल्या बसल्या मागे सरली, भिंतीला पाठ लागेपर्यंत. बुडबुडा डावीकडेच.

खोली ओळखू येत नव्हती. कॉट, कपाट, पोराची झोळी, सगळं सकाळीच ओसरीवर गेलं होतं, आणि दाराची चौकट उपसून दोन्ही अंगांनी भिंत हात-हातभर फोडल्यामुळे उजेड असा आत घुसला होता, की लग्नाच्या वर्षी अंगणातली जागा आत घेऊन खास त्या दोघांसाठी काढलेली हीच ती पत्र्याची खोली, हे स्वतःला सांगावं लागत होतं. शहाबादीवर धूळ बसली होती. धुळीत पावलं होती, आदिनाथची, बंकटची. तिची पावलं भिंतीच्या कडेकडेनं गेलेली. हे तिनं आत्ता पाहिलं. आपण मधून चालत नाही. कधीपासून?

झोळीचं कडं जिथं टांगलेलं होतं त्याच्या बरोबर खाली एका फरशीच्या सांध्यात पांढरं सिमेंट भरलेलं होतं, नवं, बोटभर रुंद. तिकडे तिनं बघितलं नाही.

बाहेर अंगणाच्या तोंडाशी ताडपत्रीखाली मशीन उभं होतं. काल हायड्रा क्रेननं हायवेवरून आणून तिथं उतरवलं. त्यापुढे गल्ली चिंचोळी, हायड्रा आत वळेना. तिथून खोलीपर्यंत आता माणसांनीच न्यायचं. आणि माणसं कुठं होती? दिवाळी झाली तशा ऊसतोडीच्या टोळ्या गेल्या कारखान्यांवर, ट्रॅक्टरमागे ट्रॅक्टर, अर्ध्या गावाला कुलपं. उरले म्हातारे, शाळेतली पोरं, आणि हायवेच्या कोपऱ्यावर पंक्चर काढणारा बंकट, जो आदिनाथचा लहानपणापासूनचा दोस्त होता आणि ज्याच्याकडे जॅक होता, साखळीची पुली होती आणि न थांबणारं तोंड होतं.

"पाया न्हाई खांदायचा का बे?" तो बाहेर विचारत होता. "एवढं धूड. कंपनीत तर पुरुषभर खांदून सिमेंट वततेत म्हन."

"पॅडवर बसती ही," आदिनाथ म्हणाला. "रबरी पॅड आनलेत. खांदायची गरज न्हाई."

"तू म्हनशील तसं. मिस्त्री तू हायस. आमी आपले हवा भरनारे."

खांदायची गरज नाही. हे त्यानं महिन्याभरात कितीदा तरी सांगितलं होतं, न विचारताही. आणि प्रत्येक वेळी तिला वाटलं होतं, हे माझ्यासाठी चाललंय. माझ्या डोळ्यांदेखत ही फरशी पुन्हा उखडायला नको म्हणून. आणि तिचा गळा भरून आला होता.

मग चंद्रभागाबाई आली. शेजारची, सासूच्या वयाची, डोक्यावर पितळेचा डबा.

"वच्छलाबाई, गिरनी बसली का वो? म्या दळन आनलंय. म्हनलं पयलं दळन माजंच."

ओसरीवरून सासू काही बोलायच्या आत बंकटच म्हणाला, "ठिवा मावशी. पर ही गिरनी लोखंड दळती. ज्वारी टाकली तर भाकर हातोड्यानं फोडून खावी लागंल."

"मंग मिलिंग मिलिंग कावून म्हनता रं? मिल म्हंजी गिरनीच की."

"हिच्यात लोखंड कापतेत मावशी. खाचा पाडतेत, दाते पाडतेत."

"दाते?" चंद्रभागाबाई म्हणाली. "मंग मला चार पाडून दे. म्होरचे."

आणि आदिनाथ हसला.

आत योगितानं डोळे मिटून घेतले. पोटातून आलेलं हसू, खोकल्यात संपणारं. ते तिनं लग्नानंतरच्या पहिल्या दोन वर्षांत ऐकलं होतं, वाळूजच्या त्या भाड्याच्या खोलीत, पाळीवरून आल्यावर, हाताला मशीनच्या तेलाचा वास असायचा तेव्हा. आणि मग त्याच्या कामाचं शेड बंद झालं, ते गावी आले, आणि हसू तिकडेच कुठंतरी राहून गेलं. तो ओसरीवर बसून असायचा. तळहात मांडीवर उताणे ठेवून. टोळीचा मुकादम येऊन गेला तेव्हा त्यानं नाही म्हटलं नाही, हो म्हटलं नाही, बघत राहिला फक्त, माणसाच्या पलीकडे कुठंतरी... एकदा ती विहिरीवर धुणं घेऊन गेली तर हा आधीच तिथं, काठावर, पाय आत सोडून. पाणी किती आलं बघतोय, म्हणाला. तिनं धुणं धुतलं. पिळलं. बादली त्याच्या हातात दिली, म्हणजे त्याला उठावं लागेल. तेव्हा तिला सातवा महिना होता. पुढं वाळूजच्या मालकानं स्वतः फोन केला, की तुझं मशीन तू घेऊन जा, थकलेल्या पगारात धर... आणि त्या दिवशी ह्या माणसानं दाढी केली. तेलगावचा जिनिंगवाला कामं देतो म्हणाला. थ्री फेज आली. त्यानं खडू घेतला आणि गुडघ्यावर बसून हा चौकोन आखला, चारी बाजू दोनदा मोजून, आणि उठताना तिच्याकडे बघून म्हणाला, हितं.

तिनं मान हलवली होती.

मी मान हलवली. मला माहीत होतं आणि मी मान हलवली.

पोर झोपलं होतं. ते आठ महिन्यांचं झालं होतं. त्याच्या टाळूवरचा मऊ खळगा अजून धडधडायचा, आणि ती त्यावर ओठ टेकून बसायची, तो ठोका ओठांना लागावा म्हणून. ह्याला माझ्याजवळ दिलाय. आता दिवसभर देतात, रात्रीही देतात. आधी नव्हते देत.

त्या दुपारी — पोर दीड महिन्याचं असेल — ते झोळीत झोपलं होतं, तिच्या समोर, मूठ कानाशी, आणि तिला ते रडताना ऐकू येत होतं. खालून. फरशीच्या खालून, लांबून, तोंडावर काहीतरी दाबल्यासारखं. तिनं उठून झोळीत बघितलं. झोपलेलं. श्वास चाललेला. आणि खालून रडणं. तिला दोन्ही खरं दिसत होतं, दोन्ही खरं ऐकू येत होतं, आणि दोन्ही खरं असेल तर खालचं पोर आधी काढायला हवं होतं, ज्याला श्वास मिळत नव्हता... तिनं चुलीपाशी जाऊन उलथनं आणलं. सांधा खरवडायला घेतला. ते सगळे आले तोवर फरशीचा एक कोपरा सुटा झाला होता आणि तिच्या दोन बोटांची नखं नव्हती, आणि आदिनाथनं मागून येऊन तिची मनगटं धरली. घट्ट, पण दुखू न देता. तिच्या कानात म्हणत राहिला, "खाली काय न्हाई योगिता. जमीन हाय नुसती. खाली काय न्हाई." आणि सासूनं काही न बोलता झोळीतून पोर उचललं आणि पुढच्या घरात नेलं.

मग अंबाजोगाईचा डॉक्टर, गोळ्या. होतं असं बाळंतपणात, तो म्हणाला, सगळ्यांनी नीट समजून घ्या. त्यांनी समजून घेतलं. कुणी रागावलं नाही. पाजायच्या वेळी सासू पोर घेऊन यायची, समोर बसायची, झालं की हात पुढे करायची — दे. योगिता द्यायची. पाठमोऱ्या सासूच्या खांद्यावरून ते बघत राहायचं.

रडणं गेलं. गोळ्यांनी म्हणा, दिवसांनी म्हणा, विरत विरत गेलं आणि एका सकाळी नव्हतंच. पण ते गेल्यावर खाली दुसरं काहीतरी उरलं होतं. फरशीवर टाच पडली की सगळीकडे टप् व्हायचं. इथं मध्ये डब् व्हायचं. मोकळ्या डब्यावर बोट मारल्यासारखं. तिनं आधी स्वतःला हसून घेतलं. मग गोळी घेतली. मग कुणी घरात नाही असं बघून खलबत्त्यातला बत्ता आणला आणि एकेका फरशीवर अलगद वाजवत गेली, कान जवळ नेऊन. रडण्याला जागा नव्हती. ते सगळीकडून यायचं, तिच्या आतूनही यायचं. ह्याला कड होती. टप्, टप्, टप्... डब्. इथून सुरू, इथं संपतं. कड गोल होती, बैलगाडीच्या चाकाएवढी. आणि आदिनाथनं खडूनं चौकोन आखला तो जवळजवळ सगळा त्या गोलाच्या आत.

दीड टनाचं मशीन. तो पॅड बसवायला खाली वाकणार. गुडघ्यावर बसून, मान आत घालून, जसा तो कुठल्याही यंत्राच्या पोटात मान घालतो. आणि शहाबादीची दीड बोटाची जाडी.

सांगायचं काय? फरशीच्या खाली... एवढे दोन शब्द तिच्या तोंडातून निघाले की पुढचं कुणी ऐकणारच नव्हतं. हे तिला इतकं लख्ख दिसत होतं — सासूचा हात पुढे येताना, दे. आणि त्याचा चेहरा. पुन्हा सुरू झालं हिचं, असा चेहरा नव्हे; तसा तो कधी करणार नाही. त्यापेक्षा वाईट. तो मशीन ठेवून देईल अंगणात, ताडपत्रीखाली, आणि ओसरीवर येऊन बसेल तिच्याशेजारी, तळहात मांडीवर उताणे ठेवून. आणि खरंच पुन्हा सुरू झालं असेल तर? कान माझे. बत्ता माझा. दुसऱ्या कुणी कुठं ऐकलंय?

"योगिता, ये की," तो दारातून म्हणाला. दाराच्या जागेतून. "पोरगं आईपाशी दे. पाइप सारायला एक मानूस पायजे."

लाकडी फळ्यांवर लोखंडी पाइप आडवे, पाइपांवर मशीन. मागून आदिनाथ पहारीनं रेटणार, पुढून बंकट साखळी ओढणार. साखळी खोलीतल्या मागच्या खिडकीच्या गजांना नाही, गजांमागे आडव्या घातलेल्या लाकडाला अडकवलेली होती. मशीन वीतभर पुढे सरकलं की मागचा पाइप मोकळा व्हायचा. तो उचलून पुढे न्यायचा, मशीनच्या तोंडापुढे ठेवायचा. पुन्हा वीतभर. पुढे पाइप पडल्याशिवाय मशीन हलत नाही. एवढंच काम, आणि ते तिचं.

"बोटं आत घालू नको," आदिनाथनं दाखवलं. "टोकाला धर, असं. सुटला तर सुटू दे, धरायला जाऊ नको. कळलं का?"

"हं."

"पाय लांब ठेव."

ताडपत्री काढल्यावर तिनं मशीनला पहिल्यांदा उजेडात पाहिलं. हिरवा रंग जागोजाग उडालेला, कोपऱ्यांवर हात लागून लागून लोखंड गुळगुळीत झालेलं, आणि टेबलाच्या चाकाची मूठ तर मोठ्या सुपारीसारखी चकचकीत. त्याच्याच हाताची ती झिलई, दहा वर्षांची. तिला एकदम मत्सरासारखं काहीतरी वाटलं आणि तेवढ्यात त्याचा कळवळाही आला. इतका वेळ धरून ठेवलेलं काहीतरी असतं माणसाकडे, आणि मग ते कुणीतरी काढून घेतं, तुझं काम संपलं म्हणतं, आणि हात तसेच राहतात, धरलेल्या आकाराचे.

"चल," बंकट म्हणाला, "म्हैस निघाली माहेराला."

पहार कण्हली. पाइप फळीवर करकरले. वीतभर.

दुपार चढली तशी ती त्या लयीत शिरली — मागचा उचल, वळसा घाल, पुढे ठेव, बाजूला हो — आणि लयीत डोकं थोडं रिकामं झालं, छाती मात्र भरून येत गेली, दुखायला लागली. ओसरीवर सासूच्या मांडीवर पोर जागं झालं होतं आणि तिला बघत होतं, आणि प्रत्येक फेरीला मशीन खोलीच्या वीतभर जवळ येत होतं. पाइप मीच पुढे ठेवतेय. हे तिला मध्येच कळलं आणि ती थबकली, आणि बंकट म्हणाला, वहिनी, झोपल्या का, आणि तिनं ठेवला.

चहाला थांबले तेव्हा मशीनचं तोंड भिंतीच्या भगदाडापासून चार हातांवर होतं. चंद्रभागाबाई डबा घेऊन अजून तिथंच होती. आता ती गंमत बघायला बसली होती.

"आता लोखंड दळून ठिवायचं कुठं?" ती म्हणाली. "पेव बी न्हाई ऱ्हायलं तुमचं. आमच्या सासऱ्याचं बी बुजलं. काय पेवं व्हती एकेकाची. मानूस उभा ऱ्हायला तर डोकं दिसत नव्हतं."

योगितानं गाळणीतली पत्ती झटकली नाही. तशीच धरून राहिली. पेव ती माहेरी केजकडे ऐकून होती, जमिनीत खणलेली ज्वारीची खोल कोठी, वर अरुंद तोंड, आत पोट सुटलेलं. पण ह्या घरात होतं?

"बुजवलं की," सासू म्हणाली. पोराला ती थोपटत होती. "ह्यांच्या वडलांनीच बुजवलं. पऱ्हाट्या लोटल्या, वरून माती. ह्यालाच सोडलं व्हतं शेवटचं आत." तिनं हनुवटीनं आदिनाथकडे दाखवलं. "सहा वर्षांचा आसंल. कमरंला दोर बांधून. बुडाची ज्वारी खरडून द्यायला लहान पोरगंच लागतंय, मोठं मानूस मावत न्हाई. आन् दोर अडकला का काय झालं... लई रडला गं बाई. वर आवाज असा यायचा, तोंडावर गोधडी टाकल्यावानी. काडला तर दोन दिस बोलनाच."

"अगं आई," आदिनाथ म्हणाला.

"काय अगं आई. खोटं हाय का?"

"कुठं व्हतं वो नेमकं?" चंद्रभागाबाईनं विचारलं.

"अंगनात. हितंच." सासूचा मोकळा हात हवेत फिरला — तुळशीवरून, ताडपत्रीवरून, भगदाडावरून — आणि पुन्हा पोराच्या पाठीवर आला. "आता कोन ध्यानात ठिवतंय."

आदिनाथनं चहा अर्धा ठेवला आणि उठला. "चल बंकट. ऊन उतरायच्या आत बसवू."

पत्ती वाळत होती. पऱ्हाट्या, कपाशीची वाळकी झाडं, कुजतात. इतक्या वर्षांत कुजून खाली बसतात आणि वरची माती त्यांच्याबरोबर बसते, आणि मध्ये... अंगणातली जागा आत घेऊन काढलेली खोली. तिला हे सगळं एका ओळीत उभं राहिलेलं दिसत होतं, शाळेतल्या गणितासारखं, आणि त्याच वेळी ओळीच्या शेजारून दुसरंच काहीतरी वर येत होतं, ज्याला ती हात लावू धजत नव्हती. तोंडावर गोधडी टाकल्यासारखं. सहा वर्षांचं पोर. ती गाळणी धुवायला लागली. एकदा. पुन्हा एकदा.

भगदाडातून मशीन आत येताना दोन्ही बाजूंना बोट-बोट जागा उरली. बंकट आता खोलीत होता, खिडकीपाशी, साखळी हातात. आदिनाथ मागे अंगणात, मशीनच्या खांद्यावरून त्याचं कपाळ तेवढं दिसत होतं. मागचा पाइप मोकळा झाला. तिनं तो उचलला, बाजूच्या फटीतून अंग चोरून आत आली आणि चौकोनाशी उभी राहिली. ठेवायचा होता तो इथंच, खडूच्या रेघेच्या आत, फळी टाकलेली होती तिच्यावर. मशीनचं तोंड तिच्यापासून हातभर. त्याला तेलाचा वास होता, वाळूजच्या खोलीतला.

"ठेव," मागून आवाज आला.

ती वाकली. आणि तिचे गुडघे वाकून तिथंच राहिले.

"हितं नको," ती म्हणाली.

"काय?"

"हितं नको. मशीन."

बंकटनं साखळी थोपवली. "कावून वो वहिनी? आता कुठं देवळात बसवावं का?"

"पोकळ वाजतंय," ती म्हणाली, आणि आवाज तिला वाटला होता तितका लहान आला नाही. "खाली पोकळ हाय. फरशीच्या खाली."

बाहेर उन्हात चंद्रभागाबाई उगीच पदर सावरायला लागली. सासू ओसरीवरून उठून भगदाडाच्या फटीशी आली, पोर उराशी, एक हात त्याच्या डोक्यामागे — पडू नये म्हणून धरतात तसा नव्हे.

"योगिता," ती अगदी मऊ म्हणाली. "सकाळची गोळी घेतली का गं?"

"घेतली."

"चहाच्या आधी का नंतर?"

पाइप घरंगळू नये म्हणून आदिनाथनं मागच्या पाइपाला दगडाची उटी लावली. ती त्याचा आवाज ओळखत होती, कामाचा, सावकाश. मग तो फटीतून आत आला, पहार घेऊन. तिच्याकडे बघितलं नाही. आईकडे बघून म्हणाला, "थांब आई. बघू की वाजवून. बघायला काय जातंय."

त्यानं पहार उचलली आणि फरशीवर टेकवली, एकदा. टप्. जरा सरकून पुन्हा. टप्.

"घट्ट हाय," तो म्हणाला.

"घट्टच हाय," बंकट म्हणाला. सुटल्यासारखा.

योगिता पहारीच्या टोकाकडे बघत होती. टोक रेघेच्या बाहेर होतं. भिंतीच्या बाजूला, बाहेर, दोन्ही वेळा, जिथं खाली पायाचे दगड आहेत. हा माणूस लोखंडात केसभर खाच पाडतो. चौकोनाच्या चारी बाजू त्यानं दोनदा मोजल्यात. त्याचा हात चुकत नाही.

मग तिनं वर, त्याच्या चेहऱ्याकडे बघितलं. त्यानं मुद्दाम बाहेर वाजवलं होतं.

पहिल्यांदा आला तो आनंद होता, आणि तिला त्याची लाज वाटायलाही वेळ मिळाला नाही — छातीत दूध उतरतं तसा एकदम, न विचारता, झिणझिण्या येत, सगळ्या अंगात. माझे कान खरे आहेत. मला ऐकू येतं ते आहे. बत्ता, टाच, गोल कड, सगळं आहे, मी आहे... आणि त्याच्या मागोमाग, तितक्याच न विचारता, गार. म्हणजे ह्याला माहीत आहे. आजपासून नाही. खडू घेतला त्या दिवसापासूनही नाही. त्या दुपारी, माझी मनगटं धरून माझ्या कानात सांगत होता तेव्हाही माहीत होतं. खाली काय न्हाई. जमीन हाय नुसती. मी तेव्हा वळून बघितलं असतं तर हाच चेहरा असता का? मी ऐकत होते ते रडणं माझ्या डोक्यातलं होतं, ते मान्य आहे मला, अजूनही आहे. पण तो कुणाला समजावत होता? खांदायची गरज न्हाई, खांदायची गरज न्हाई — आणि मी गळा भरून घेतला, माझ्यासाठी म्हणतो म्हणून.

तिला राग यायला हवा होता. तो आला, दाराशी आला आणि तिथंच उभा राहिला. कारण समोर त्याचा चेहरा होता, पस्तिशीचा, घामानं निथळणारा, आणि त्या चेहऱ्यात दोर कमरेला बांधलेलं कुणीतरी वर बघत होतं. खाली काही नाही असंच त्यानं ठरवलं असणार, वर काढल्यावर, त्या दोन न बोललेल्या दिवसांत. नाहीतर त्याच्यावर झोपता कसं आलं असतं? संसार कसा मांडता आला असता? आणि आता खोली एकच आहे, भिंत एकदाच फोडता येते, आणि हे मशीन बसलं नाही तर विहिरीचा काठ आहे...

"ठेवा की वहिनी," बंकट म्हणाला. "हात भरून आले माझे."

पाइप तिच्या हातात होता. उन्हातून आलेला, अजून कोमट.

"योगिता," आदिनाथ म्हणाला. झोपलेलं पोर उठू नये म्हणून बोलतात तितक्या हळू. "ठेव."

तो आज्ञा करत नव्हता. तिनं हा आवाज नीट ऐकला, कान ताणून, जशी फरशी ऐकली होती.

सासू फटीत उभी होती, पोर घेऊन. हात पुढे येईल, ती मनाशी म्हणाली, आणि येऊ दे, असंही. तिकडे बघायची तिला गरज वाटली नाही. तिनं पाऊल उचललं आणि फळीवरून उतरून रेघेच्या आत, नुसत्या फरशीवर, पाय ठेवला. दुसराही. खाली तो आवाज झाला. लहानसा. बंकटनं ऐकला की नाही कोण जाणे. आदिनाथच्या पापण्या हलल्या.

तिला भीती वाटत होती, सकाळपेक्षा जास्त, पण ती भीती आता दुसऱ्या बाजूला तोंड करून उभी होती. त्याच्याकडे. त्याच्यासाठी. तिनं पाइप दोन्ही हातांनी उराशी धरला. बोला, ती मनात म्हणाली, ओठ न हलवता. काय आहे खाली ते तुम्ही बोला. मी इथं उभी आहे. मी उभी आहे तोवर इथं काही येत नाही. सावकाश बोला.